दिवाडीच्या रस्त्यावर दोन सायकली

नव्याने सायकल हाती घेतलेल्या दोघा मित्रांनी गोव्यात पहिली सफर कुठे करावी, असे कुणी विचारले की मी किनाऱ्याचे नाव घेत नाही. कळंगुट, बागा, हणजूण या बाजूचे रस्ते भाड्याच्या गाड्यांनी भरलेले असतात आणि त्या चालवणाऱ्यांचे अर्धे लक्ष फोनमधल्या नकाशावर असते. मी दिवाडीचे नाव घेतो. मांडवीच्या पात्रात वसलेल्या या बेटावर मोटारीने जाण्यासाठी पूल नाही. कोकण रेल्वेचा मार्ग बेटावरून जातो खरा, पण गाडी तिथे थांबत नाही. माणसाला काय आणि वाहनाला काय, फेरीबोटीशिवाय दुसरी वाट नाही.

याचा सायकलस्वाराला होणारा फायदा पहिल्या दिवशी लक्षात येत नाही. बोट धक्क्याला लागली की पंधरा-वीस स्कूटर आणि चार-पाच मोटारी एकदम सुटतात, थोड्याच वेळात आपापल्या वाड्यात शिरतात, आणि पुढची बोट येईपर्यंत रस्ता जवळजवळ मोकळा राहतो. म्हणजे येथील रहदारी भरती-ओहोटीसारखी येते आणि जाते. तिचा ताल ओळखून चालवले, तर ज्याला सायकल सावरत नाही अशा माणसालाही दिवाडीचा रस्ता झेपतो.

सोबत्याशी आधी बोलून घेणे

दोघांच्या सफरीत बहुतेक तंटे वेगावरून होतात, म्हणून वेगाचे आदल्या दिवशीच ठरवावे. माझा नियम साधा आहे: ज्याचा दम कमी, तो पुढे. जोरकस माणूस पुढे असला की तो नकळत वेग वाढवतो, मागच्याची दमछाक होते, आणि पुढचा थांबून वाट पाहत राहतो. मागचा धापा टाकत पोहोचला की विश्रांती घेऊन झालेला पुढचा लगेच निघायला तयार असतो. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. कमी दमाचा पुढे राहिला की दोघांचाही वेग त्याच्या पायांवर ठरतो आणि मागच्याला इकडेतिकडे पाहायला सवड मिळते.

किती अंतर जायचे हेही बोलावे, पण त्यावर अडून बसू नये. दिवाडी लहान आहे. तिन्ही धक्के आणि मधले वाडे फिरून झाले तरी पंधरा-वीस किलोमीटरच्या आसपास होतात. ज्याने वर्षानुवर्षे सायकल चालवलेली नाही, त्याने आठवडाभर आधी आपल्या गावातच रोज अर्धा तास चालवून घ्यावी. पाय दुखण्याआधी बसण्याची जागा दुखते आणि तिला सवय व्हायला तीन-चार दिवस लागतात.

सायकल तपासणे

या टप्प्यावर मी मुद्दाम जास्त वेळ घेणार आहे, कारण येथे केलेला आळस रस्त्यावर महाग पडतो. पहिल्यांदा माझ्या मित्राने शहरातल्या एका दुकानातून सायकल भाड्याने घेतली होती. दिसायला ती नवी होती, रंगही चकचकीत होता. दिवाडीवरच्या पिएदाद गावाच्या टेकडीवरून उतरताना त्याने मागचा ब्रेक दाबला आणि रबराऐवजी लोखंड चाकाच्या कडेला घासल्याचा आवाज आला. ब्रेकचे रबर पूर्ण झिजलेले होते. पुढचा ब्रेक घाबरून करकचून दाबण्याऐवजी त्याने पाय रस्त्यावर टेकवले आणि चिऱ्यांच्या कुंपणाला खांदा लावून तो थांबला. तळहाताची साल निघाली, एवढ्यावरच निभावले. चूक दुकानाची होती तशीच आमचीही होती, कारण निघण्यापूर्वी आम्ही फक्त घंटी वाजवून पाहिली होती.

तेव्हा ब्रेकपासून सुरुवात करावी. दोन्ही ब्रेक एकेक करून दाबावेत आणि सायकल पुढे ढकलून पाहावी. मागचा दाबला असता मागचे चाक घसटले पाहिजे, पुढचा दाबला असता मागचे चाक उचलू लागले पाहिजे. ब्रेकचा दांडा हँडलच्या मुठीला टेकत असेल तर तार सैल आहे असे समजावे. रबरावर खाचा असतात. त्या दिसत नसतील तर रबर बदलून घेतल्याशिवाय निघू नये. आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, परंतु भाड्याच्या सायकलीत हे गृहीत धरू नये.

त्यानंतर हवा. टायरच्या कडेवर किती हवा भरावी याची किमान आणि कमाल मर्यादा छापलेली असते. हायब्रिड प्रकारच्या टायरला साधारण ५५ ते ७० पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) आणि डोंगरी सायकलीच्या जाड, म्हणजे एमटीबी टायरला ३५ ते ४५ पीएसआय हवा पुरते. पंपाला मीटर नसेल तर अंगठ्याने टायर जोराने दाबावा. तो जेमतेम दबला पाहिजे. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब टायर आणि रिम यांच्यात चेमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. अशा पंक्चरला काट्याची गरज लागत नाही.

सीटची उंची ही नवख्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून ते सीट खाली घेतात आणि मग पाच किलोमीटरवर गुडघे दुखू लागतात. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी आणि पेडल अगदी खाली न्यावे. त्या वेळी पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा पुढचा भाग पेडलवर ठेवल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहतो, आणि तेच बरोबर आहे. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा असतो, ही सवय दहा मिनिटांत होते. शेवटी चेनला तेलाचे चार थेंब द्यावेत आणि जास्तीचे तेल फडक्याने पुसावे, नाहीतर तांबडी माती त्यावर बसून तिचा गिलावा तयार होतो.

सोबत काय घ्यावे याची यादी लांबवण्यात अर्थ नाही. दोघांत मिळून एक पंप, सायकलच्या मापाच्या दोन ट्यूब, टायर काढायचे प्लास्टिकचे दोन-तीन पट्टे, नट सोडवण्याचा पाना किंवा अ‍ॅलन की, प्रत्येकी दीड लिटर पाणी, डोक्याला हेल्मेट, थोडे सुटे पैसे आणि पट्टी-मलम एवढे पुरे होते. पाठीवर बोचके घेण्याऐवजी सामान मागच्या कॅरियरला बांधावे. दमट हवेत पाठीवरच्या पिशवीखाली घामाचे तळे साचते.

दिवस आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने नवख्यांसाठी योग्य आहेत. ऑक्टोबरमध्ये ऊन कडक असते आणि कापणीनंतर कुठे कुठे भात रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले असते. त्यावरून सायकल नेणे हे शेतकऱ्याच्या ताटावरून नेण्यासारखे आहे, म्हणून तिथे उतरून चालावे. मार्चपासून दमटपणा वाढतो आणि नऊनंतर फिरण्यात मजा राहत नाही. पावसाळ्यात बेट सर्वांत सुंदर दिसते हे मान्य केले, तरी शेवाळ धरलेल्या वळणांवर नवख्याने पहिला धडा घेऊ नये. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेरांचा, म्हणजे झेंड्यांचा, उत्सव असतो. तो जरूर पाहावा, पण सायकल घरी ठेवून, कारण त्या दिवशी रस्ता माणसांचा असतो.

पहाटे लवकर निघणे चांगले. हिवाळ्यात साडेसहा-सातच्या सुमारास उजाडते, तेव्हा त्या वेळी धक्क्यावर असावे. लवकर जाण्याचे आणखी एक कारण म्हणजे पोदेर. सकाळी सायकलच्या मागे पावाची टोपली बांधून, रबरी भोंगा पोंय-पोंय वाजवत तो वाड्यावाड्यांतून जातो. टोपलीवरचे प्लास्टिक बाजूला सारून तो एका हाताने उंडो किंवा पोळी हे गोव्याचे पाव काढून देतो, दुसऱ्या हाताने पैसे घेतो, आणि तेवढ्या वेळात त्याची सायकल त्याच्या मांडीला टेकून स्थिर उभी असते. सायकल कशी सावरावी हे मी अनेकांकडून शिकलो, पण ओझ्यासह ती कशी उभी करावी हे पोदेराकडे पाहूनच कळले. शिवाय सावलीचा आणि चढ नसलेला रस्ता कोणता, हे त्याला विचारावे, कारण त्याचा रोजचा रस्ता तोच असतो.

धक्क्यावर

जुने गोव्याच्या चर्चांपासून धक्क्याकडे जाणारा रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्कु द गामा व्हाइसरॉय असताना ती उभारली गेली आणि विसाव्या शतकात कोसळल्यावर १९५४ मध्ये पुन्हा बांधली गेली. पलीकडे उताराच्या शेवटी नदी दिसते. येथे घाई करू नये.

बोट रिकामी होईपर्यंत बाजूला उभे राहावे. मग स्कूटर आणि मोटारी चढू द्याव्यात आणि आपण शेवटी, उतरून, सायकल हाताने धरून चढावे. बोटीचा लोखंडी पाट ओला असतो आणि त्यावर टायर हमखास घसरतो; ओहोटीच्या वेळी त्याचा उतारही वाढतो. चढताना सायकल पायांच्या बाजूला ठेवावी, चढ ओलांडेपर्यंत बोटे दोन्ही ब्रेकवर असू द्यावीत, आणि आत गेल्यावर कठड्याच्या कडेला, मोटारींच्या दारांपासून दूर उभे राहावे. स्टँडवर लावून सायकल सोडून देऊ नये; बोट धक्क्याला लागताना बसणाऱ्या धक्क्याने ती शेजारच्या स्कूटरवर पडते आणि मग नदीच्या मध्यावर भांडण होते. फेरीबोटी सरकारच्या नदी परिवहन खात्यामार्फत चालतात. पायी जाणाऱ्यांना पैसे पडत नाहीत आणि सायकलचे तिकीट मला आजवर कुणी मागितलेले नाही. शेवटची बोट किती वाजता, हे मात्र जातानाच बोटीवरच्या माणसाला विचारून ठेवावे.

पलीकडे उतरल्यावर लगेच सायकलवर बसू नये. धक्क्यावरच पाणी प्यावे, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली दोन बोटे जातील एवढा आवळावा, आणि सगळ्या गाड्या पुढे निघून जाऊ द्याव्यात. दहा मिनिटांनी तोच रस्ता आपला असतो.

खाजनातला रस्ता

धक्क्यापासून गावाकडे जाणारा रस्ता जवळजवळ सपाट आहे, आणि सराव येथेच करावा. डाव्या कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालवावे. अगदी कडेला चालवले की मागची मोटार जागा नसतानाही पुढे जायला पाहते आणि आपले चाक रस्ता सोडून मातीत उतरते. दोन सायकलींमध्ये निदान दोन सायकलींएवढे अंतर ठेवावे. समोर आणि मागे रस्ता मोकळा दिसत असेल तरच शेजारी शेजारी चालवावे, आणि मागच्याने गाडीचा आवाज ऐकताच “गाडी!” म्हणावे, ते ऐकल्यावर मागे वळून न पाहता पुढच्याने डावीकडे व्हावे. नवखा माणूस मान वळवतो त्या दिशेला त्याची सायकलही वळते, म्हणून मागे पाहण्याचे काम मागच्याकडेच ठेवावे. खड्डा दिसला तर पुढच्याने हात खाली करून त्या बाजूला बोट दाखवावे. एवढ्या दोन खुणा पुरतात. जास्त खुणा कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

दोन्ही बाजूंना दिसते ती खाजन शेती. भरतीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून चिखल-मातीचे बांध घातलेले असतात आणि त्यांत ठिकठिकाणी मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी असते. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दारे बंद होतात, ओहोटीला आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. माणसाने काही करावे लागत नाही. अशा जमिनीत कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात पिकते. मानस पाहण्यासाठी जरूर थांबावे. पहिल्या वेळी मला आणि मित्राला ती नुसती मोडकी फळकुटे वाटली होती. मग ओहोटी लागली, दार कुरकुरत इंचभर उघडले, फटीतून गढूळ पाणी धावू लागले आणि कुठून तरी चार बगळे त्या तोंडाशी येऊन उभे राहिले. आम्ही अर्धा तास तिथून हललो नाही. एक काळजी घ्यावी: बांध कितीही रुंद आणि आकर्षक दिसला तरी त्यावर सायकल घालू नये. माती भुसभुशीत असते, चाकोरी पडली की पाणी तिथूनच वाट काढते, आणि बांध फुटला तर नुकसान संपूर्ण शेताचे होते.

चढ आणि उतार

पिएदादचे चर्च टेकडीवर आहे आणि तिथे जाणारा चढ छोटा पण खडा आहे. गिअर असलेल्या सायकलीवर चढ सुरू होण्यापूर्वीच हलका गिअर घ्यावा. चढाच्या मध्यावर जोर लावत गिअर बदलला की चेन कडकड करते किंवा उतरते. दम लागला तर खुशाल उतरून चालावे, त्यात कमीपणा नाही. आम्ही दोघे सायकली ढकलत असताना व्हरांड्यात बसलेल्या एका म्हाताऱ्याने “कितें रे, पेट्रोल सोंपलें?” असे विचारले होते आणि त्या हसण्यात उरलेला चढ संपला. वरून मांडवीपलीकडची जुने गोव्याची चर्चे दिसतात. चर्चजवळच्या स्मशानातील लहानशा चॅपेलमध्ये कदंबकालीन देवळाचे कोरीव दगडी अवशेष राहिले आहेत. प्रार्थना चालू असेल तर आवाज करू नये, आणि आत जाताना हेल्मेट काढावे.

उतरताना मागचा ब्रेक आधी हलकेच, मग दोन्ही मिळून दाबावेत, आणि वळण सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करावा. वळणात ब्रेक दाबला तर कडेच्या वाळूवर चाक निसटते. अंतर येथे वाढवावे, आणि मागच्याने पुढच्याला वळणापलीकडे दिसेनासे होऊ द्यावे. दोन नवखे एकमेकांना चिकटून उतरले की एकाच्या चुकीत दुसरा आपसूक सामील होतो.

नार्व्यापर्यंत, पाय साथ देत असतील तर

बेटाच्या दुसऱ्या टोकाकडे कोटितीर्थाची तळी आहे. कदंब राजांचे कुलदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ याच बाजूला, नार्व्यात होते. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोलीच्या बाजूला नेले गेले आणि त्या जागेलाही नार्वे हेच नाव मिळाले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६६८ मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. दिवाडीच्या नार्वे धक्क्यावरून फेरीबोटीने पलीकडे जाऊन देवाचे दर्शन घेता येते. एका काठावर मूळ जागा आणि दुसऱ्या काठावर देव, यांच्यामधले पाणी त्याच सकाळी सायकलसह ओलांडताना तो इतिहास पुस्तकातल्यापेक्षा वेगळाच कळतो. पलीकडचा रस्ता मात्र चढउताराचा आहे, म्हणून दहाच्या आत बोट मिळत नसेल तर पहिल्या खेपेला तो मोह टाळावा. माये आणि चोडण करून रायबंदरला उतरणारा मोठा फेराही करता येतो; तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावा.

वाटेत काही बिघडले तर

चेन उतरली तर तिला पुढच्या, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चाकीच्या वरच्या दात्यांवर बसवावे; एकाने मागचे चाक किंचित उचलावे आणि दुसऱ्याने पेडल हाताने पुढे फिरवावे, चेन आपोआप जागेवर येते. पंक्चरसाठी रस्त्यावर भोक शोधत बसू नये, ट्यूबच बदलावी. मागचे चाक काढण्यापूर्वी चेन सर्वांत लहान चाकीवर घ्यावी म्हणजे ते सहज सुटते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून सावकाश बोट फिरवून काटा किंवा काच शोधणे ही एकच गोष्ट विसरू नये, नाहीतर दुसरी ट्यूबही शंभर मीटरवर बसते आणि मग दोघांना पायी धक्का गाठावा लागतो. हे सगळे एकदा घरच्या अंगणात करून पाहावे.

कुत्री अंगावर आली तर वेग वाढवू नये. थांबावे, उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवून हळूहळू चालत जावे. पळणारी वस्तू दिसली नाही की त्यांचा उत्साह ओसरतो. जास्त लागले असेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे, परंतु बेटावर मदत पोहोचायला बोटीचा वेळ लागेल हे धरून आधी जवळच्या घराचे दार ठोठवावे.

परतीच्या बोटीत बसण्यापूर्वी दोघांनी एकमेकांच्या सायकलीचे टायर दाबून पाहावेत, कारण थकलेला माणूस आपली सायकल नीट पाहत नाही. घरी पोहोचल्यावर खारी हवा आणि खाजनाचा चिखल लागलेली चेन ओल्या फडक्याने पुसावी, सुकू द्यावी आणि मग तेल द्यावे. हे दुसऱ्या दिवसावर टाकले तर सकाळी चेनवर गंजाचा नारिंगी थर दिसतो.